स्वयंपाकघराची व्यावसायिक सफाई: भाव विचारण्यापासून पैसे देईपर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

"किचन डीप क्लीनिंगचं किती घेता?" फोनवर हा प्रश्न पहिला विचारला की तिथूनच गोंधळ सुरू होतो. समोरचा एक आकडा सांगतो. तुमच्या मनात त्या आकड्यात ट्रॉल्या, माळा, चिमणी, टाइल्सच्या फटी सगळं आलेलं असतं. त्याच्या मनात ओटा, शेगडी आणि कपाटांची दारं बाहेरून, एवढंच असतं. हा फरक कळतो तो काम सुरू झाल्यावर. तोवर अर्धं घर बाहेर काढलेलं असतं, माणसं दारात उभी असतात आणि "त्याचे वेगळे लागतील ताई" हे ऐकून घेण्यावाचून काही हातात राहत नाही.

भाव महाग की स्वस्त हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. किती माणसं किती तास राबणार आणि त्या वेळात नेमकं काय करणार, यावरून कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे दोन मुद्दे आधी पक्के करण्यासाठी आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक घरांमध्ये चौथी पायरी आधी होते आणि पहिल्या दोन होतच नाहीत.

अंदाज यावा म्हणून: पुणे, मुंबई, ठाणे अशा शहरांत वन किंवा टू बीएचके फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या सखोल सफाईचे आकडे साधारण दीड हजार ते चार हजार रुपयांच्या पट्ट्यात फिरतात. पट्टा एवढा रुंद का, ते पहिल्या तीन पायऱ्यांमध्ये कळेल.

पायरी १: नक्की कोणतं काम हवं, ते ठरवा

"किचन क्लीनिंग" या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं विकली जातात.

पहिलं काम वरवरचं. ओटा, शेगडीचा वरचा भाग, सिंक, कपाटांची दारं बाहेरून, टाइल्स आणि फरशी. कपाट कोणी उघडत नाही. भाडेकरू बदलताना किंवा पाहुणे यायच्या आधी एवढं पुरतं.

दुसरं काम म्हणजे कपाटं आणि ट्रॉल्या आतून. यातही दोन प्रकार आहेत: तुम्ही आधीच रिकामी करून ठेवलेली कपाटं, किंवा येणाऱ्या माणसांनी सामान काढून, पुसून, परत लावून द्यायचं. या दोघांत वेळेचा मोठा फरक आहे, म्हणून पैशांचाही. डबे काढणं आणि लावणं याचे पैसे देणं मला पटत नाही. ते काम तुमच्याशिवाय कोणाला नीट जमणारही नाही, कारण गोडा मसाला कुठे आणि साबुदाणा कुठे हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं.

तिसरं काम उपकरणांचं. चिमणी आतून, फ्रिज, मायक्रोवेव्ह, ओव्हन, एक्झॉस्ट फॅन. ही सफाईच्या मूळ भावात बहुधा धरलेली नसतात. चिमणी उघडून मोटर आणि ब्लोअर साफ करणं हे तर सफाई कामगाराचं काम नव्हेच, ते चिमणी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं काम. त्याचा भाव वेगळा आणि दिवसही वेगळा ठेवा.

एका कागदावर तीन रकाने करा: हवंच, परवडलं तर, नको. घरातल्या सगळ्यांना दाखवा. हा कागद झाल्याशिवाय फोन करू नका.

पायरी २: स्वयंपाकघर मोजा आणि तेलाचा चिकटा ओळखा

मोजदादीला पंधरा मिनिटं पुरतात. ओटा सरळ, एल आकाराचा की समांतर दोन? वरच्या कपाटांची दारं किती? खाली ट्रॉल्या किती, त्या तारेच्या आहेत की बंद ड्रॉवरच्या? माळा आहे का? टाइल्स कपाटाखालीच आहेत की छतापर्यंत? खिडकीला जाळी किंवा लोखंडी ग्रिल आहे का? या प्रत्येक उत्तराने वेळ बदलतो. तारेच्या ट्रॉल्या दिसायला सुटसुटीत, पण एकेक तार घासावी लागते आणि ट्रॉली ज्यावर सरकते त्या बाजूच्या चॅनलमध्ये तेल आणि धूळ मिळून घट्ट काळी पेस्ट झालेली असते. नऊ ट्रॉल्यांचं घर आणि चार ट्रॉल्यांचं घर यांचा भाव एकच सांगणारा माणूस एक तर ट्रॉल्या बाहेर काढणार नाही, किंवा चॅनलला हात लावणार नाही.

भावावर सगळ्यात जास्त परिणाम करते ती गोष्ट म्हणजे चिकटा, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. फोडणीची वाफ वर जाते, कपाटाच्या माथ्यावर आणि टाइल्सवर बसते. ताजी असेपर्यंत ती नुसती ओशट असते, भांड्यांच्या साबणाने निघते. महिनोन्‌महिने राहिली की हवा आणि उष्णता लागून तेलाचं रूप बदलतं, पिवळसर, घट्ट, जवळजवळ वार्निशसारखा थर होतो. हा थर साबणाला दाद देत नाही. त्याला तेल काढणारं खास रसायन लावून थांबावं लागतं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावं लागतं, आणि बरेचदा हे दोनतीनदा करावं लागतं.

कोणता चिकटा आहे हे स्वतः तपासा. शेगडीच्या वरच्या कपाटाच्या माथ्यावर, तळहाताएवढ्या जागेत, गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा आणि मग पुसा. जागा स्वच्छ झाली तर साधं काम. फडकं नुसतं चिकटलं आणि थर तसाच राहिला तर काम जड आहे, भाव विचारताना हे सांगायलाच हवं. लपवून फायदा नाही. आलेल्या माणसांना ते दारातूनच दिसतं आणि मग "हेवी ऑइल"चे वेगळे पैसे मागितले जातात.

आता पृष्ठभाग लिहून काढा. ओटा ग्रॅनाइटचा, कडप्प्याचा की संगमरवराचा? दारं सनमायक्याची, ॲक्रिलिकची, पीव्हीसी फॉइल चढवलेली की ॲल्युमिनियमच्या चौकटीची? जुन्या घरांमध्ये ओट्याखालच्या मांडणीलाही कडप्पाच असतो. कडप्पा, कोटा आणि संगमरवर या तिन्ही दगडांवर आम्ल पडलं तर ते दगडच खातं. डाग निघत नाही, दगडाची चकाकी निघते, आणि ती नुसत्या पुसण्याने परत येत नाही.

> थांबा, तपासा: कागदावर दारांची संख्या, ट्रॉल्यांची संख्या, ओट्याचा दगड, दारांचा प्रकार, चिमणीचा प्रकार आणि चिकटा साधा की जड, या सहा गोष्टी आल्या का? नसतील तर पुढची पायरी घेऊ नका.

फोटो काढताना दिवे लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून झगमगीत काढलेल्या फोटोत चिकटा दिसतच नाही. सहा फोटो पुरेत: पूर्ण ओटा, शेगडीमागच्या टाइल्स, कपाटाचा माथा, एक उघडी ट्रॉली, चिमणी खालून, सिंकखालची जागा.

पायरी ३: भाव विचारा, पण लेखी

फोनवर नव्हे, व्हॉट्सॲपवर. एकच मजकूर तीन ठिकाणी पाठवा, म्हणजे उत्तरांची तुलना करता येते. मजकूर असा असू शकतो:

"नमस्कार दादा. कोथरूड, दुसरा मजला, लिफ्ट आहे. एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा. वर ५ दारं, खाली ९ तारेच्या ट्रॉल्या, एक माळा. कपाटं आणि ट्रॉल्या आम्ही रिकाम्या करून ठेवू, तुम्ही आतून-बाहेरून साफ करायच्या, ट्रॉल्या बाहेर काढून चॅनलसकट. चिमणी बाहेरून आणि फिल्टर फक्त. फ्रिज नको. शेगडीमागे आणि कपाटाच्या माथ्यावर जुना चिकटा आहे, फोटो सोबत. किती माणसं येणार, किती तास लागतील आणि सगळं धरून एकूण किती? शिडी, केमिकल, फडकी तुमचीच ना?"

शेवटचे चार प्रश्न सोडू नका. "आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ भाव ठरलेला नाही. जवळपासचा माणूस असेल तर आधी येऊन बघून जायला सांगा. घर बघून सांगितलेला भाव फोटोवरच्या भावापेक्षा थोडा जास्त आला तरी तो जास्त भरवशाचा.

छुपे वाढीव खर्च कुठून येतात, ते एकेक विचारून घ्या. भेटीचं शुल्क. लिफ्ट नसलेला वरचा मजला. उंच शिडी. "जड तेल". माळा. रविवार. रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम. आणि कर.

कराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फसवणूक सोपी असते. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीच्या सफाई सेवेवर सर्वसाधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. २,२०० रुपयांवर ३९६ रुपये कर, म्हणजे एकूण २,५९६. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याला बिलावर जीएसटी लावताच येत नाही. म्हणून कर लावणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर कराची रक्कम देऊ नका. ॲपवरून बुक करत असाल तर जाहिरातीतला आकडा सोडा, पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरची एकूण रक्कम पाहा.

> सावधान: इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरवर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. दिवस पक्का करण्यापुरती छोटी रक्कम मागितली तर समजू शकतं. "रिफंड देतो, यूपीआय पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

पायरी ४: तीन भाव समोर ठेवून खरा हिशेब करा

इथे बहुतेकांचं चुकतं. सगळ्यात लहान आकडा निवडला जातो. त्याऐवजी माणूस-तास काढा: किती माणसं गुणिले किती तास. मग एकूण रक्कम त्याने भागा.

समजा तीन उत्तरं आली.

पहिला म्हणतो १,८०० रुपये, दोन माणसं, दोन तास. म्हणजे ४ माणूस-तास, दर ४५०. कपाटं आतून हवी असतील तर ९०० वेगळे.

दुसरा म्हणतो २,६०० रुपये, दोन माणसं, चार तास, कपाटं आतून धरून. ८ माणूस-तास, दर ३२५.

तिसरी कंपनी म्हणते २,२०० अधिक कर, म्हणजे २,५९६. दोन माणसं, साडेतीन तास, कपाटं आतून धरून, पण माळा नाही. ७ माणूस-तास, दर साधारण ३७१.

पहिला सगळ्यात स्वस्त वाटत होता. कपाटं धरली की तो २,७०० वर जातो, म्हणजे सगळ्यात महाग ठरतो. शिवाय त्या वाढीव ९०० रुपयांत तो किती वेळ देणार हे त्याने सांगितलेलंच नाही. वर दिलेल्या मोजमापाचं स्वयंपाकघर, जुन्या चिकट्यासह, दोन माणसांना दोन तासांत होत नाही. होतं असं कोणी म्हणत असेल तर काहीतरी वगळलं जाणार, किंवा जोरदार रसायन मारून वेळ वाचवला जाणार. साध्या चिकट्याच्या, मध्यम आकाराच्या स्वयंपाकघराला दोन माणसांचे तीन ते चार तास धरा. जुना थर आणि भरपूर ट्रॉल्या असतील तर पाच.

उलटंही खरं आहे. दर फारच कमी आला तर विचारा की माणसाला दिवसाचे किती मिळतात, हातमोजे मिळतात का. उत्तर मिळेलच असं नाही. पण तेल काढणारी रसायनं कातडी सोलतात आणि विनाहातमोज्याचा माणूस पाठवून केलेली बचत आपण घेऊ नये.

ठरलं की व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून "हो" मिळवा: काम काय, माणसं किती, तास किती, एकूण रक्कम, दिवस आणि वेळ.

पायरी ५: आधीची कामं, त्यांच्या क्रमाने

सफाई, रंग, चिमणी, झुरळांचं औषध ही चार कामं जवळजवळ करायची असतात आणि क्रम चुकला की एकाचे पैसे वाया जातात. बरोबर क्रम असा: रंग किंवा सुतारकाम पहिलं, मग चिमणीची सर्व्हिस, मग सफाई, शेवटी झुरळांसाठी जेल. चिमणी आधी, कारण ती उघडली की काळं तेल ओट्यावर आणि टाइल्सवर गळतं. जेल शेवटी, कारण आधी लावलेले ठिपके सफाईत पुसले जातात.

दिवाळीच्या आधीचे दोनतीन आठवडे आणि गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा टाळता आला तर टाळा. मागणी जास्त, माणसं थकलेली, आणि एका दिवसात तीन घरं उरकायची घाई. आठवड्याच्या मधला दिवस घ्या.

आदल्या दिवशी:

डबे बाहेर काढा, एका खोलीत चादर अंथरून कपाटाच्या क्रमाने मांडा. प्रत्येक गटावर चिठ्ठी ठेवा: वरचं कपाट डावं, तिसरी ट्रॉली. जुनं पीठ, पोरकिडे झालेला रवा, मुदत संपलेले मसाले याच वेळी काढून टाका. चांदीची भांडी, औषधं आणि किमती वस्तू कुलपात ठेवा. देव्हारा स्वयंपाकघरातच असेल तर देव दुसऱ्या खोलीत हलवा. रसायनाचे तुषार आणि धूळ तिथवर जातेच.

सोसायटीत पाण्याची वेळ काय आहे ते पाहा. सफाई ऐन मध्यावर आली आणि नळ कोरडा पडला तर रसायन वाळून डाग पडतात. दोन बादल्या भरून ठेवा, गीझर चालू राहील असं बघा. गेटवर माणसांची नोंद आधी करून ठेवा.

त्या दिवशीचा स्वयंपाक सकाळी लवकर उरका किंवा डबा मागवा. शेगडी निदान दोन तास आधी बंद हवी. गरम काचेवर किंवा बर्नरवर गार रसायन पडता कामा नये.

> थांबा, तपासा: सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला का? पाइपचा गॅस असेल तर शेगडीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला का? आरओ, मिक्सर, मायक्रोवेव्ह यांचे प्लग काढले का? स्विचबोर्डवर कागदी टेप लावली का? हे चारही काम तुम्ही स्वतः करा, येणाऱ्यांवर सोडू नका.

पायरी ६: सफाई चालू असताना

माणसं आली की पहिली पाच मिनिटं त्यांच्याबरोबर फिरा. आधीच तुटलेली मूठ, तडा गेलेली टाइल, सैल बिजागरी दाखवा आणि फोटो घ्या. नंतरचा वाद टळतो, दोन्ही बाजूंचा. मग कागद दाखवा आणि कुठे काय हवं ते सांगा. त्यानंतर डोक्यावर उभं राहू नका.

क्रम मात्र लक्षात ठेवा आणि चुकत असेल तर नम्रपणे थांबवा. सगळ्यात आधी कोरडं काम: जळमटं, माळ्यावरची आणि कपाटांच्या माथ्यावरची धूळ. धुळीवर पाणी पडलं तर चिखल होतो आणि तो फटींत बसतो. मग चिमणीचे फिल्टर काढून भिजत घालायचे, कारण त्यांना वेळ लागतो. त्यानंतर वरून खाली: कपाटांचे माथे, आतले कप्पे, दारं, टाइल्स, शेगडी, ओटा, ट्रॉल्या, सिंक, शेवटी फरशी. फरशीपासून सुरुवात करणारी माणसं ती दोनदा पुसतात किंवा शेवटी तशीच सोडून जातात.

कोणतंही रसायन आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून दहा मिनिटं थांबायचं. ॲक्रिलिक आणि फॉइलच्या दारांवर हे टाळू नका.

इथे सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या पाच चुका:

१. शेगडीमागचे डाग काढायला टॉयलेट क्लीनर वापरणं. त्यात आम्ल असतं. कडप्पा आणि संगमरवर खराब होतोच, स्टीलच्या सिंकवर बारीक खड्डे पडतात, नळाचं क्रोम जातं.

२. ब्लीच आणि आम्ल एकत्र येणं. एकाने टाइल्सवर ब्लीच मारलं आणि दुसऱ्याने सिंकमध्ये टॉयलेट क्लीनर ओतलं, तरी पुरे. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे झोंबले, घसा खवखवला तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या.

३. ॲल्युमिनियमचे जाळीचे फिल्टर कॉस्टिक सोड्यात टाकणं. ते काळे पडतात आणि झिजतात. फिल्टर कशाचे आहेत हे आधी सांगा. स्टीलचे बॅफल (वाकवलेल्या पट्ट्यांचे) फिल्टर कडक गरम पाणी आणि डिटर्जंटमध्ये भिजवून निघतात. फिल्टर नसलेली चिमणी असेल तर फक्त तेलाची वाटी रिकामी करायची, आत हात घालायचा नाही.

४. सनमायक्याच्या कडांवर वाफेचं मशीन. कडेची पट्टी सुटते, आतलं प्लायवूड फुगतं. वाफ टाइल्ससाठी चालते, लाकडासाठी नाही.

५. तारेची घासणी ॲक्रिलिकवर, काचेच्या शेगडीवर किंवा पॉलिश केलेल्या स्टीलवर. ओरखडे कायमचे.

> सावधान: माणसांना ओट्यावर उभं राहू देऊ नका. शेगडी आणि सिंकसाठी कापलेल्या जागेजवळ दगड कमकुवत असतो, तो तडकू शकतो आणि माणूस पडू शकतो. शिडी त्यांनी आणली नसेल तर तुमची द्या. ग्रिल नसलेल्या खिडकीची बाहेरची काच पुसायला कधीही सांगू नका, कितीही पैसे कबूल केले तरी.

मधे चहा-पाणी द्या, हात धुवायला जागा द्या. "आता आलाच आहात तर पंखाही पुसा" असं म्हणू नका. वाढीव काम हवं असेल तर त्याचे पैसे आधी ठरवा.

पायरी ७: पैसे देण्याआधीची तपासणी

तपासणी माणसं सामान आवरण्याआधी करा. पाय दारात असताना कोणी परत फडकं भिजवत नाही.

टॉर्च तिरका धरून टाइल्स आणि दारांवरून फिरवा, पुसल्याचे ओघळ लगेच दिसतात. पांढरा कागदी रुमाल घ्या आणि या जागांवर घासा: कपाटाचा माथा, दारांची खालची कड, मुठींची मागची बाजू, शेगडीचे पाय, ट्रॉलीचं चॅनल, एक्झॉस्टची पाती, सिंक आणि भिंत यांमधली फट. रुमाल पिवळा आला तर तिथे परत फडकं मारायला सांगा. टाइल्समधला सिमेंटचा जोड पूर्वीइतका पांढरा होईलच असं नाही. तेल शोषलेला जोड सफाईने नव्हे, पुन्हा भरूनच सुधारतो. यासाठी माणसांशी भांडू नका.

सिंकमध्ये एक बादली पाणी ओता. खरवडलेला चिकटा बरेचदा सिंकमध्येच ओतला जातो आणि दोन दिवसांनी मोरी तुंबते. पाणी हळू उतरत असेल तर जाळी आणि सिंकखालच्या पाइपचा बाटलीसारखा भाग उघडायला सांगा, आत्ताच.

ओटा आणि कपाटांचे कप्पे साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. रसायनाचा वास उरलेल्या कप्प्यात पीठ ठेवायचं नाही.

आता गॅस. बर्नर पूर्ण वाळलेले हवेत. जोडांवर साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्ह उघडा आणि बुडबुडे येतात का पाहा. काडी लावून कधीही तपासू नका. वास आला तर व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी आणीबाणी क्रमांकावर फोन. पाइपचा गॅस असेल तर बिलावरचा आणीबाणी क्रमांक लावा. सगळं ठीक असेल तर शेगडी पेटवा. ज्योत निळी आणि सगळीकडे सारखी हवी. पिवळी, फडफडणारी ज्योत म्हणजे बर्नरच्या भोकांत पाणी किंवा कचरा अडकलेला आहे.

काही तुटलं असेल तर पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर फोटोसह लिहा आणि किती कमी करायचे ते बोलून ठरवा. तुटल्याची भरपाई हातात काम असलेल्या मुलाकडून नव्हे, ज्याच्याशी ठरवलं त्याच्याकडून मागा. बिल घ्या. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तक्रार करताना लेखी ठरलेली ती एक ओळच उपयोगी पडते.

काम मनासारखं झालं तर वर थोडे पैसे माणसांच्या हातात वेगळे द्या. बिलाच्या रकमेतलं त्यांच्यापर्यंत फार थोडं पोहोचतं.

सामान लगेच लावू नका. ट्रॉल्या आणि दारं रात्रभर उघडी ठेवा. ओलसर कपाटात डबे कोंबले की प्लायवूड फुगतं आणि आठवड्यात कुबट वास येतो.

पायरी ८: पुढच्या वेळचा खर्च आत्ताच कमी करा

वर्षातून एकदा ३,००० रुपये दिले तर महिन्याला २५० पडतात. रोज तळण होणाऱ्या घरात वर्षातून दोनदा लागेल, एरवी एकदा पुरे. जड चिकटा पुन्हा होऊ दिला नाही तर पुढच्या वेळी माणूस-तास कमी लागतात आणि भाव पाडायला ते एक कारण पुरतं.

त्यासाठी आठवड्यातून एकदा शेगडीमागच्या टाइल्स आणि चिमणीचा खालचा भाग गरम साबणाच्या पाण्याने पुसा, बॅफल फिल्टर दोनतीन आठवड्यांनी भिजवा. कपाटांच्या माथ्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि तेलकट झाली की बदला. माथा खरवडायला लागणारा सगळा वेळ वाचतो.

हे काम घरी येणाऱ्या मावशींकडून करून घ्यायचं ठरवलंत तर तो नेहमीच्या पगारातला भाग समजू नका. दिवाळीच्या बोनसमध्येही धरू नका. कामाची यादी, दिवस आणि वेगळी रक्कम आधी बोला. बाहेरच्या माणसाला तुम्ही ताशी तीनशे-साडेतीनशे द्यायला तयार होतात, हा आकडा डोळ्यासमोर ठेवून बोला. शिडीवरचं काम, चिमणी आणि कडक रसायनं त्यांना देऊ नका. कपाटं आतून पुसणं, डबे धुणं, ट्रॉल्या घासणं यात त्यांचा हात कोणत्याही कंपनीच्या माणसापेक्षा जास्त नीट चालतो, कारण ते स्वयंपाकघर त्यांना पाठ असतं.

भाव विचारताना पाठवलेला मजकूर, आधीचे आणि नंतरचे फोटो, आलेल्या माणसांची संख्या आणि प्रत्यक्ष लागलेले तास एका ठिकाणी जपून ठेवा. पुढच्या वर्षी तोच मजकूर आकडे बदलून पाठवता येईल, आणि "चार तास लागतील" असं कोणी म्हटलं तर गेल्या वेळी किती लागले होते ते तुम्हाला सांगता येईल.